कथेवर कोणते नाव घालावे? टोपणनावाचा निर्णय करताना

पहिली कथा दिवाळी अंकाकडे पाठवताना किंवा पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाकडे देताना टोपणनाव घ्यावे असे अनेकांच्या मनात येते, आणि बहुतेक जण लगेच नाव शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपण लिहितो हे नेमके कोणाला कळू नये, हे आधी कागदावर लिहावे: घरच्यांना, गावाला, कचेरीत, संपादकाला, की अनोळखी वाचकाला? टोपणनाव उपयोगी पडेल की नाही हे या उत्तरावर ठरते, कारण अनोळखी माणसापासून ओळख सहज लपते, ओळखीच्या माणसापासून फार काळ लपत नाही आणि कायद्यापासून तर मुळीच लपत नाही.

उत्तर ‘संपादक’ किंवा ‘परीक्षक’ असे असेल तर निर्णय सोपा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 मधील विज्ञानकथा स्पर्धेसाठी जयंत विष्णू नारळीकरांनी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. शास्त्रज्ञ म्हणून झालेल्या ख्यातीचे वजन निकालावर पडू नये, हा हेतू त्याने साधला आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले. अशी गरज एका प्रसंगापुरती असते. निकाल लागल्यावर ते नाव पुढे वागवण्याचे कारण उरत नाही, आणि नारळीकरांनी पुढच्या कथा स्वतःच्याच नावाने लिहिल्या.

काहींना कोणापासूनच लपायचे नसते, फक्त दोन प्रकारचे लेखन वेगळे ठेवायचे असते. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिल्या, तर कथा, कादंबऱ्या आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. शिरवाडकरांच्या कवितेवर ‘कुसुमाग्रज’ आणि नाटकांवर ‘वि. वा. शिरवाडकर’ असे नाव राहिले. तुम्ही अभ्यासग्रंथ लिहीत असाल आणि सोबत भयकथाही लिहू लागला असाल, तर ही वाट मी निःशंकपणे सुचवीन, कारण वाचकाला पुस्तक हाती घेण्यापूर्वीच त्यात काय मिळणार हे कळते.

खरा विचार लागतो तो समाजाच्या रोषाची भीती असते तेव्हा. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातील कोंडमारा त्यात इतक्या उघडपणे आला होता की मोठे वादळ उठले आणि लेखिका कोण यावर तर्क लढवले गेले. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना त्या नावाने जी ढाल मिळाली ती त्या वेळी अत्यंत आवश्यक होती असे मला वाटते. मात्र त्यांनी हे नाव एका पुस्तकापुरते वापरून टाकून दिले नाही. ‘बळी’ ही कादंबरीही त्याच नावाने आली. ढाल म्हणून घेतलेले नाव पुढे लेखिकेची ओळख होऊ शकते, तेव्हा पुढची वीस वर्षे ज्या नावाने हाक मारून घेण्याची तयारी असेल तेच घ्यावे.

घरच्यांपासून किंवा गावापासून लपायचे असेल तर मुखपृष्ठावरचे नाव बदलून फारसे साधत नाही. नदीकाठचे देऊळ, भाऊबंदकीचा वाद, आत्याची बोलण्याची लकब आणि तुमच्या भागाची बोली जशीच्या तशी कथेत असेल, तर गावातला माणूस दुसऱ्या पानावर तुम्हाला ओळखतो. अशा वेळी लेखकाच्या नावापेक्षा कथेतील तपशील बदलावेत. खऱ्या माणसाची बदनामी झाली तर टोपणनाव बचाव ठरत नाही, कारण न्यायालय प्रकाशकाकडे लेखकाचे खरे नाव मागू शकते.

सरकारी नोकरांनी तर अधिकच जपावे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांतील नववा नियम शासनाच्या धोरणावरील प्रतिकूल टीकेला मनाई करतो आणि ती स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने केली तरी लागू होतो. राज्य सेवेत असणाऱ्यांनी आपले वर्तणूक नियम वाचूनच पुढे जावे.

आपल्याकडे आडनावावरून जात आणि मुलूख यांचा अंदाज बांधला जातो, आणि कथा वाचण्याआधीच लेखकाविषयी मत तयार होते. हे टाळण्यासाठी आडनाव गाळणे मला पूर्णपणे रास्त वाटते. लेखिका ‘सानिया’ यांच्यासारखे एकच नाव, किंवा कथाकार ‘दिवाकर कृष्ण’ यांच्याप्रमाणे स्वतःचे आणि वडिलांचे नाव पुरते. मात्र दुसऱ्या समाजाचे आडनाव लावून त्या समाजाचे जगणे आपण भोगले आहे असा भास वाचकाला देणे मला गैर वाटते. पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे नाव घेताना मराठीत आणखी एक अडचण येते: ‘मी पाठवतो’ की ‘मी पाठवते’ हा प्रश्न संपादकाला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात उभा राहतो. प्रत्येक पत्रात, मनोगतात आणि फोनवर हे सोंग वठवण्यापेक्षा संपादकाला विश्वासात घेऊन खरे सांगावे.

नाव पक्के करण्यापूर्वी ते दुसऱ्या कोणत्या लेखकाचे तर नाही, हे ग्रंथालयांच्या सूचीत आणि इंटरनेटवर पाहावे. करारपत्र, पॅन आणि बँक खाते मात्र खऱ्याच नावाने असावे, आणि अमुक टोपणनावाने प्रसिद्ध होणारे लेखन आपलेच आहे असा स्पष्ट उल्लेख करारात असावा.

याच करारात बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी एक बाब आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, 1957 नुसार खऱ्या नावाने लिहिलेल्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, पण टोपणनावाच्या पुस्तकाची 60 वर्षे प्रकाशनापासूनच मोजली जातात. 2026 मध्ये पुस्तक आले आणि लेखक 2076 मध्ये वारला, तर पहिल्या स्थितीत हक्क 2136 अखेरपर्यंत राहील आणि दुसऱ्या स्थितीत 2086 अखेर संपेल. ही मुदत संपण्यापूर्वी लेखकाची ओळख उघड झाली तर हक्क पुन्हा मृत्यूनंतरच्या 60 वर्षांचा होतो. त्यासाठी लेखक आणि प्रकाशक या दोघांनी ती जाहीर करणे हा सरळ मार्ग आहे. म्हणून लेखक सांगेल तेव्हा प्रकाशक या घोषणेत सहभागी होईल असे कलम आधीच घालून घ्यावे, आणि कराराची एक प्रत घरातल्या अशा एका माणसाकडे ठेवावी ज्याला ते नाव कोणाचे आहे हे ठाऊक आहे.