गाडीऐवजी सायकलवर घर चालवताय? मग या चुका टाळा

गाडी सोडून सायकलवर संसार हाकायचं ठरवलेली मंडळी माझ्याकडे सल्ला मागायला येतात. खरं तर सल्ला मागायला नव्हे, झालेली खरेदी दाखवायला येतात. तेव्हा फार काही बोलता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय, निदान पुढच्यांनी दुकानात जाण्याआधी वाचावं.

यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. लोकांच्या डोक्यात सायकल म्हणजे व्यायाम, नाहीतर पोरांचं खेळणं. गाडी जी कामं मुकाट्याने करत होती, म्हणजे झोपाळू मूल नेणं, जड पिशव्या वाहणं, अंधारात आणि पावसात घरी आणणं, ती आता हिने करायची आहेत, याचा खरेदीच्या वेळी विसर पडतो.

आधी गाडी विकली, मग रस्ता बघितला

ओळखीतलं एक कुटुंब. नवरा-बायको, मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. उत्साह असा की शनिवारी गाडी विकली आणि रविवारी सायकली घरात. नवऱ्याने स्वतःसाठी घेतली शर्यतीची, वाकड्या हँडलची, पातळ टायरची. हलकी आहे म्हणून खूश. तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही आणि कॅरिअर बसवावं म्हटलं तर फ्रेमला स्क्रूची भोकंच नाहीत. "कॅरिअरचं नंतर बघू." बायकोसाठी साधी सायकल घेतली, पण मधल्या दांड्याची. कारण काय, तर दांडा नसलेली ती लेडीज सायकल, उद्या मला चालवावी लागली तर? त्या दांड्याच्या सायकलला मागे मुलाचं आसन बसवलं.

सोमवारी सकाळी मुलाला आसनात बसवलं, पट्टे लावले आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता आपण चढायचं कसं. दांड्याच्या सायकलवर पाय मागून टाकतात. मागे तर मूल बसलंय, पाय टाकला तर थेट त्याच्या तोंडावर. तिने पाय दुमडून दांड्यावरून पुढून टाकायचा प्रयत्न केला. सायकल कलली. उंचावर बसलेलं तेवढं वजन एकदा कललं की मनगटाने सावरत नाही. सायकल आडवी. हेल्मेट आणि पट्टे होते म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं, पण मुलगा त्यानंतर कितीतरी दिवस आसनाजवळ फिरकायला तयार नव्हता. दुसऱ्या आठवड्यात भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या आणि "सायकलवर नाही हो जमत" हे वाक्यही.

सायकलवर जमतं. त्या सायकलवर जमत नाही. मूल मागे बसवणार असाल तर दांडा नसलेली, पाय पुढून सहज आत टाकता येईल अशी खोलगट फ्रेमची सायकल घ्या. पुरुषांनीही. चारचौघांत कसं दिसेल याची काळजी असेल, तर भर चौकात मुलासकट आडवं पडल्यावर कसं दिसेल तेही मनात आणून बघा.

बाकी मी बघतो ते एवढंच: ताठ बसता येईल असं उंच हँडल, मजबूत कॅरिअर, पूर्ण मडगार्ड, चेनचं कव्हर आणि दोन पायांचा स्टँड. गिअर किती आहेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी. विक्रेता तो सगळ्यात आधी सांगतो, कारण त्याला तेवढंच पाठ असतं.

गाडी विकायचीही घाई नको. ती राहू द्या उभी. आठवड्यातली सगळ्यात जवळची, सगळ्यात कंटाळवाणी एक फेरी निवडा आणि तेवढीच सायकलवर न्या. ती अंगवळणी पडली की पुढची. हे ऐकून नवशिक्यांचे चेहरे उतरतात. त्यांना सोमवारपासून अख्खं आयुष्य बदलायचं असतं.

रस्त्याचंही तसंच. गाडीने ज्या मोठ्या रस्त्याने जात होता तोच रस्ता सायकलसाठी धरणं ही सवयीची चूक. सुट्टीच्या दिवशी एकट्याने आतल्या गल्ल्या फिरून बघा. दोन मिनिटं जास्त लागली तरी शांत रस्ता घ्या. वेळेचा हिशेबही कागदावरचा नको. ताशी 15 किलोमीटरने 5 किलोमीटरला 20 मिनिटं लागतात, हे एकट्या माणसाचं गणित झालं. सोबत स्वतःची सायकल चालवणारं मूल असेल तर वेग 10 वर येतो, म्हणजे झाली 30 मिनिटं. त्यात कुलूप लावणं, हेल्मेट काढणं, एक मोजा सापडत नसणं, हे वेगळंच.

मूल मागे बसवताना

इथे मी चिडतो, आणि चिडणारच. नुसत्या कॅरिअरवर उशी बांधून मुलाला बसवतात. "जवळच जायचंय, हळूच चालवतो." पाय चाकात जायला वेग लागत नाही. मूल कंटाळतं, पाय आत घेतं, टाच आऱ्यांमध्ये सापडते आणि फिरणारं चाक ती फ्रेमच्या दांडीपर्यंत ओढत नेतं. टाचेची कातडी सोलून निघते, कधी घोट्याचं किंवा नडगीचं हाड मोडतं. पहिल्या दिवशी साधी वाटणारी जखम पुढच्या दोन-तीन दिवसांत काळी पडू शकते, म्हणून असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा. मी पाहिलेल्या एका मुलीला या "जवळच जायचंय"मुळे कितीतरी आठवडे प्लॅस्टरमध्ये काढावे लागले. चालवणारी मावशी आजही तो विषय निघाला की उठून आत जाते.

मोठ्या मुलांसाठीही चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा संरक्षक कव्हर आणि पाय ठेवायला पक्क्या दांड्या हव्याच. लहान मुलांसाठी पाठ, पट्टे आणि पायांच्या खोबणी असलेलं आसन. ओढणी, दुपट्टा, लांब पट्ट्याची पिशवी यांनाही चाकाची तितकीच ओढ असते.

आसनावर आणि कॅरिअरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. मागच्या आसनांना बहुतेक वेळा 22 किलोपर्यंतचं मूल चालतं, आणि बऱ्याच कॅरिअरवर 25 किलो असं कोरलेलं असतं. आता 20 किलोचं मूल, 4 किलोचं आसन, आणि त्यालाच अडकवलेलं दप्तर. बेरीज करा.

जे बाळ अजून स्वतः ताठ बसत नाही, ज्याच्या मानेला हेल्मेटचं वजन पेलत नाही, त्याला सायकलवर घेऊच नका. पहिला वाढदिवस होईपर्यंत तरी थांबा. सगळ्यांना घाई कसली असते, कळत नाही.

चढण्या-उतरण्याचा माझा क्रम ठरलेला आहे: सामान आधी, मूल शेवटी. उतरवताना मूल आधी, सामान नंतर. आणि मूल आसनात असेपर्यंत एक हात सायकलवर. स्टँड कितीही चांगला असो, त्याच्या भरवशावर मुलाला सोडून कुलूप लावायला जायचं नाही. एका पायाच्या तिरक्या स्टँडवर तर नाहीच नाही.

हवा, हवा आणि हवा

"सायकल जड चालते हो." टायर दाबून बघितलं की अंगठा आत जातो. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू कमी होते, त्यात बिघाड काही नाही. पण घरात चार सायकली म्हणजे आठ टायर, आणि ते बघणं कुणाचंच काम नाही, ही खरी अडचण. आमच्याकडे ते काम वाराने ठरलेलं आहे आणि एका माणसाकडे आहे. सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच करत नाही.

वायुदाब दाखवणारा, जमिनीवर उभा राहणारा पंप घ्या. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. पातळ टायरला 80 ते 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागू शकतात, जाडजूड टायरला त्याच्या निम्म्यातही भागतं. लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज तिथवर भरायची गरज नाही. मागे मूल किंवा सामान असेल तर मागच्या टायरला पुढच्यापेक्षा जास्त भरा. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये ज्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तो त्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला होता, दगडी रस्त्यावर पोराला धक्के बसू नयेत म्हणून. बापाने एवढं करून ठेवलंय, आपण निदान हवा तरी भरावी.

पंक्चरचं म्हणाल, तर नुसतं ठिगळ लावून मोकळे होऊ नका, भोक कुठे आहे ते बघा. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एक भोक असेल तर काटा किंवा काच, आणि ती बहुधा अजून टायरमध्येच आहे. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. नाहीतर उद्या त्याच जागी पुन्हा. जवळजवळ दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. रिमच्या बाजूला भोक असेल तर आरे झाकणारी पट्टी सरकली आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर ठिगळाच्या नादी लागू नका, ट्यूब बदला. टायरमध्ये ओतायचे ते पंक्चर-बंद द्रव मला आवडत नाहीत. पुढच्या वेळी ट्यूब उघडली की तो चिकट राडा आपणच पुसायचा असतो.

चेन

तेल ओतून चेन काळी करणं म्हणजे देखभाल नव्हे. आधी फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, वर राहिलं की फक्त धूळ धरतं. गंजलेले नट सोडवायचा पातळ स्प्रे हे चेनचं तेल नाही. स्वयंपाकाचं तेल तर नाहीच, ते काही दिवसांनी चिकट होतं.

सारखी चेन घसरत असेल तर गिअरला दोष देण्याआधी पट्टी लावून मोजा. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्याच 12 1/16 इंच भरल्या की चेन बदला. ताणलेली चेन चालवत राहिलात तर मागचे दातेही खाते आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

बाकीच्या, थोडक्यात

वाढत्या अंगाची सायकल मुलाला घेऊ नका. कपडे तसे घेतात, सायकल नाही. बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि ब्रेकच्या दांड्या बोटांनी पूर्ण दाबता आल्या पाहिजेत.

साइड व्हीलपेक्षा पायडल काढून ठेवलेली छोटी सायकल बरी, तोल आधी येतो.

खोक्यातून आलेली सायकल घरी जोडताना पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, उलटा लागलेला मी अनेकदा पाहिलाय. फोर्कचा बाक पुढच्या दिशेला हवा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. जोर लावून सरळ आवळलंत तर क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतं तिच्या, आट्या गेल्या.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकलेलं हेल्मेट फक्त फोटोपुरतं. जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला ठीक असलं तरी टाकून द्या.

पिशवी हँडलला अडकवू नका. वळताना ती चाकात जाते किंवा हँडल ओढते. वजन खाली, मागे, दोन्ही बाजूंना सारखं.

डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलकट बोट लावायचं नाही. पावसात रिमचे ब्रेक लवकर पकडत नाहीत, आणि मागे मूल असेल तर थांबायला जास्त अंतर लागतं. दोन्ही ब्रेक, आधीपासून, हळूहळू.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून ते सगळ्यात खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या बहुतेकांची सीट फार खाली असते. मात्र मूल मागे नेताना सुरुवातीचे काही महिने मी सीट मुद्दाम थोडी खाली ठेवायला सांगतो, थांबताना पाय पटकन टेकावा म्हणून.

मिरवणुकीसारखे एका ओळीत जाताना मोठा माणूस पुढे आणि मुलं मागे, असं करू नका. मागे काय चाललंय ते दिसत नाही. दोन मोठे असतील तर एक पुढे, एक मागे. एकटेच असाल तर मुलाच्या मागे, रहदारीच्या बाजूला किंचित बाहेर. दहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट अजमावता येत नाही, म्हणून चौकात "चल" म्हणायचं काम तुमचं. उभ्या गाड्यांना चिकटून जाऊ नका, दार उघडेल एवढी जागा सोडा. मोठ्या ट्रकच्या शेजारी थांबू नका. तुम्ही त्याला दिसत नाही.

कुलूप पातळ वायरचं नको. जाड लोखंडी, यू आकाराचं घ्या आणि ते फ्रेम आणि मागच्या चाकातून एका पक्क्या खांबाला लावा. नुसत्या पुढच्या चाकाला लावलंत तर परत आल्यावर पुढचं चाक तेवढं सापडेल. घरातल्या सगळ्या सायकलींना एकाच किल्लीने उघडणारी कुलुपं मिळतात, मागताना तशीच मागा. जास्तीची किल्ली घरी ठेवा. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत घालून फिरणारे महाभाग आहेत, आणि ते मला फोन करतात.