हर्नियाची शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी जायचे असेल तर

जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी परतणे आता सर्रास शक्य झाले आहे. मात्र वॉर्डातील परिचारिका रात्रभर ज्या गोष्टींकडे लक्ष देते, त्या अशा वेळी घरच्यांना पाहाव्या लागतात, म्हणून तयारीही घरातूनच सुरू करावी लागते.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीला जाताना रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिपच पिशवीत घालून न्याव्यात. ‘बीपीची ती छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही उमगत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते कधी थांबवायचे, किंबहुना थांबवायचे की नाही, हे शल्यचिकित्सक व हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात, आणि हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ते परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या सहसा ३ दिवस आधी थांबवण्यास सांगतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू शकतात. काढे आणि चूर्णेही सांगावीत. ती औषधांत मोजलीच जात नाहीत, म्हणून नेमकी सांगायची राहतात.

जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार आधीच करून घ्यावेत, कारण खोकताना व कुंथताना पोटात वाढणारा दाब थेट दुरुस्त केलेल्या जागेवर येतो. धूम्रपान निदान ४ आठवडे आधी सोडावे. लघवीची धार बारीक झाली असेल, तर उतारवयातील पुरुषांनी ते संकोच न करता सांगावे. पाठीच्या मणक्यातून दिलेल्या भुलेनंतर लघवी अडकते आणि संध्याकाळचे घरी जाणे लांबते, हे रुग्णालयांत नेहमी घडते.

विम्यातील २४ तास दाखल राहण्याची अट पॉलिसीच्या यादीतील डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी जाता येणाऱ्या, शस्त्रक्रियांना लागू नसते, तरीही कॅशलेसची पूर्वमंजुरी काही दिवस आधी घ्यावी.

वेगळी सूचना नसल्यास घन आहार ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, आहारात मोजला जातो. पहाटेच्या त्या अर्ध्या कपापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. जांघेतील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, बारीक जखमांतून संसर्ग होण्याचा धोका वाढतो. दागिने घरीच ठेवावेत आणि परतताना घालायला सैल पायजमा किंवा गाऊन न्यावा.

सोबतीला प्रौढ व्यक्ती हवी आणि तिने पहिले २४ तास घरात थांबायला हवे. या काळात रुग्णाने वाहन चालवू नये. रात्री ज्यांना फोन करायचा त्यांचा क्रमांक निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा, आणि लघवी न होणे, जखमेतून रक्त थांबेनासे होणे किंवा वारंवार उलट्या होणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच हर्नियाची गाठ कडक झाली, दुखू लागली, आत ढकलली जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तेव्हा ठरलेल्या दिवसासाठी न थांबता, काहीही न खातापिता लगेच रुग्णालय गाठावे.