पाडव्याला घर विकायचंय? फाटकाबाहेरच्या या चुका टाळा

पाडवा साडेतीन मुहूर्तांतला. त्यामुळे जुना बंगला किंवा रो-हाउस विकायला काढणारे बरेच जण ऐन मार्चमध्ये रंगारी शोधायला लागतात. पहिली चूक तिथेच होते. बाहेरच्या कामाला जानेवारीतच हात घालायला हवा, कारण रंगाच्या आधी भिंत बघायची आणि भिंतीच्याही आधी पाणी कुठून येतंय ते.

ओलीवर रंग

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. पावसाळ्यात लोणा लागलेली भिंत फेब्रुवारीत कोरडी वाटते. मग तिच्यावर पुट्टी, वर रंग, आणि थोड्याच दिवसांत पोपडे. आम्ही सांगलीचं घर विकायला काढलं तेव्हा घाईत फाटकाशेजारची तेवढी एक भिंत रंगवून घेतली. बघायला येणारा जो तो त्याच भिंतीवर हात ठेवून विचारायचा, "इथं काय झालं होतं?" बाकी घर जुनं आणि एकच भिंत कोरी करकरीत, म्हटल्यावर शंका येणारच.

एक सोपी तपासणी आहे. हातरुमालाएवढा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर ओल आहे. मग तिचं मूळ शोधा: टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवरच गळतोय का, छज्जावर पाणी साचतं का, पन्हाळीचा पाइप जोडाशी सुटलाय का. एक कारण हमखास नजरेतून सुटतं. वाफ्यात दरवर्षी टाकलेली माती जोत्याच्या वर चढलेली असते आणि पाणी थेट भिंतीत मुरतं. ती माती खाली काढा. गिलावा नव्यानं केलात तर आठवडाभर पाणी मारा आणि साधारण चार आठवडे वाळू द्या, मगच रंग. आणि ओल होती, अमुक दुरुस्ती केली, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. आम्ही सांगायला लागलो आणि मग बोलणी पुढं सरकली.

कठड्याच्या फटीत उगवलेला पिंपळ नुसता छाटू नका, तो पुन्हा फुटतो. फट उकरून मूळ काढा आणि सिमेंटनं बुजवा.

गंजावर ऑइल पेंट

फाटक चकचकीत दिसतं, पण आत गंज वाढतच राहतो आणि रंगाला फुगे येतात. पॉलिश पेपरनं घासा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्रायमरचा, हात द्या, तो वाळल्यावर ऑइल पेंट. बिजागऱ्यांना तेल घालायला विसरू नका. कुरकुरणारं फाटक घराबद्दल बरंच सांगून जातं.

झाडांची घाई

इथे मला खरंच वाईट वाटतं. पानगळ झालेला चाफा वाळलाय समजून लोक तोडून टाकतात. चैत्रात तोच फुलतो! फांदीला नखानं थोडं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. बोगनवेलीला फुलं येत नाहीत म्हणून लोक पाणी वाढवतात, मग नुसता पाला वाढतो. तिला ऊन भरपूर आणि पाणी बेतानं द्या. नर्सरीतून आदल्या आठवड्यात शेवंतीच्या कुंड्या आणू नका, तिचा बहर हिवाळ्यातला. सावलीतली रोपं एकदम मार्चच्या उन्हात ठेवली तर चार दिवसांत करपतात. मोगरा जानेवारीत छाटून खत घातलंत, तर गिऱ्हाईक फाटकाशी येईपर्यंत त्याला कळ्या धरलेल्या असतील.

अंगणातली मोडकी खुर्ची, उरलेल्या फरश्या, रद्दी आधी हलवा. प्लास्टिकची जुनी तोरणंही काढा.

घर बघायला येणारे बहुतेक संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर येतात. तेव्हा फाटकावरचा दिवा लागायला हवा आणि त्या उजेडात घराचा नंबर रस्त्यावरून वाचता यायला हवा. अंधार पडल्यावर एकदा स्वतः समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघा.