आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवायचाय? आधी प्लग मोजा

देशोदेशीच्या खाण्याच्या आणि नाचगाण्याच्या आमच्या पहिल्या महोत्सवात बरोबर साडेबारा वाजता वीज गेली. ऐन जेवणाच्या वेळी. स्टेजवरचा माईक बंद, सूप गरम ठेवणारी भांडी बंद, हॉलमध्ये अडीचशे माणसं हातात कागदी वाट्या घेऊन उभी, आणि मी मोबाइलच्या उजेडात फ्यूजबोर्ड शोधतेय. झालं होतं एवढंच, की शेजारशेजारच्या दोन स्टॉलनी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आपापली किटली लावली होती. तेव्हापासून मला कुणी विचारलं, असा कार्यक्रम भरवायचा तर सुरुवात कुठून करू, तर मी सांगते: प्लग मोजा. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. संस्कृतींचा संगम वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटत असावं.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं एक सर्किट साधारण ३,६८० वॅट झेपवतं. (तुमच्याकडचा व्होल्टेज वेगळा असेल तर गुणाकार बदला.) विजेची किटली दोन हजार वॅटच्या आसपास, इंडक्शनची शेगडी तेवढीच, भाताचा कुकर सात-आठशे. म्हणजे एका सर्किटवर एक किटली, एक-दोन कुकर, बस. भिंतीवर चार प्लग वेगवेगळे दिसले म्हणून सर्किट चार असतात असं नाही, आणि नेमकी इथेच सगळ्यांची फसगत होते. हॉलची देखभाल बघणाऱ्या माणसाला बरोबर घ्या, महिनाभर आधी फ्यूजबोर्डावरचा एकेक स्विच पाडून बघा, कुठले प्लग मेले ते कागदावर लिहा. साउंडवाल्याला स्वतंत्र सर्किट. आणि गुंडाळीची केबल वापरणार असाल तर ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली ठेवून जास्त भार टाकला की ती आतल्या आत तापते.

आता प्लग मोजायचे तर स्टॉल किती ते ठरायला हवं, आणि तिथे बहुतेक समित्यांचं पहिल्याच बैठकीत चुकतं. कुणीतरी फळ्यावर देशांची यादी काढतं. इटली, चीन, मेक्सिको, जपान. मग त्या देशाचा माणूस हुडकायचा. नाही मिळाला, की एखादी उत्साही बाई व्हिडिओ बघून सुशी करते. मी हे दोनदा पाहिलंय आणि एकदा ती उत्साही बाई मीच होते. भात वळेना, आणि पहिली वाटी उचलणारा माणूस निघाला ओसाकाचा. तो फार सभ्यपणे हसला.

यादी माणसांची काढा. तुमच्या भोवती कोण राहतं? वाचनालयात, भाषेच्या वर्गात, प्रार्थनास्थळात, मुलांच्या शाळेच्या दारात उभं राहून विचारा. बारा देश नाही झाले, पाचच झाले, तरी चालेल. एका देशाची तीन घरं असली तर तीन वेगळे पदार्थ येतील, तेही चालेल. आणि ‘तुमचा राष्ट्रीय पदार्थ कोणता’ असं विचारू नका. त्यावर हॉटेलच्या मेन्यूतलं उत्तर मिळतं. ‘घरी सगळे जमले की काय करता’ असं विचारलं की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. हैतीच्या एका आजोबांनी मला असंच भोपळ्याच्या सूपबद्दल सांगितलं. सूप जूमू. फ्रेंचांच्या राज्यात गुलामांनी ते रांधायचं, पण चाखायचं नाही. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला घरोघर ते सूप होतं. २०२१ मध्ये युनेस्कोने ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आजोबांनी हे सगळं स्वतःच्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून भांड्याशेजारी ठेवलं. त्या दिवशी सगळ्यात मोठी रांग तिथे होती, आणि लोक वाचत असल्यामुळे ती पुढे सरकत नव्हती.

त्या पाटीचा आम्ही पुढे नियमच केला. पदार्थाचं नाव, करणाऱ्याचं नाव, आणि एक-दोन ओळी. ‘अमुक देशाचा अस्सल’ असं लिहायचं नाही. कारण कुसकुस हा उत्तर आफ्रिकेतला रव्याच्या बारीक कण्यांचा पदार्थ नेमका कुणाचा, यावर मी प्रौढ माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. युनेस्कोकडे कुसकुसची नोंद २०२० मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांनी मिळून केली. लवाश रोटीचं उलट: २०१४ मध्ये ती आर्मेनियाच्या नावे, आणि २०१६ मध्ये तशाच पातळ रोट्या अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान, तुर्कस्तान या पाच देशांच्या नावे. हा तंटा तुमच्या हॉलमध्ये मिटणार नाही. ‘माझ्या आईच्या पद्धतीचा’ असं लिहिलं की कुणाचीच हरकत राहत नाही.

झेंड्यांबद्दल मी जरा कडक आहे: माळा लावूच नयेत. इंडोनेशिया आणि मोनॅकोचे झेंडे जवळजवळ सारखे, पोलंडचा त्याच्या उलटा. आयर्लंडचा उलट्या बाजूने लावला की आयव्हरी कोस्टचा वाटतो. फिलिपिन्सचा लाल पट्टा वर आला तर त्याचा अर्थ युद्ध असा होतो. सौदी झेंड्यावर कलमा आहे, म्हणून तो कागदी रुमालावर छापणं हा अपमान. आणि काही देशांची माणसं दोन वेगवेगळे झेंडे आपले मानतात. आम्ही दारात जगाचा मोठा नकाशा लावतो आणि टाचण्या ठेवतो. ज्याने त्याने आपल्या गावावर टाचणी टोचावी.

आता जेवण. इथे मी थांबून बोलणार आहे, कारण मी तीस वर्षं नर्स होते आणि पोट बिघडलेली माणसं मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहेत. घरी शिजवलेलं अन्न सार्वजनिक ठिकाणी वाटायला तुमच्याकडे परवानगी लागते का, हे आधी स्थानिक प्रशासनाला विचारा. नियम जागोजागी वेगळे आहेत. जंतू मात्र सगळीकडे सारखे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांचा आवडता पट्टा. गरम पदार्थ ६० च्या वर, थंड पदार्थ ५ च्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात सगळा वेळ धरून चार तास झाले की तो पदार्थ टाकायचा. वास चांगला येतोय, हा पुरावा नाही.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. लोक मांसाला भितात, भाताला नाही. पण बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत; भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून आदल्या रात्री मोठं पातेलंभर भात करून तो सकाळपर्यंत ओट्यावर ठेवायचा, हे आमच्याकडे बंद. करायचाच असेल तर पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर देऊन लगेच गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

सळईचा थर्मामीटर घ्या, आणि तो खरा आहे का ते बघा: ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, ढवळून सळई मधोमध धरा. शून्य दाखवायला हवं. आमचा एक थर्मामीटर चार दाखवत होता आणि आम्ही दोन वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवला. मी तासातासाला प्रत्येक भांड्यात सळई बुडवते, प्रत्येक वेळी पुसून, आणि आकडा वेळेसकट पाटीच्या मागे लिहिते. सुरुवातीला लोकांना अपमान वाटायचा. आता एक केनियाची आजी मला लांबून बघितलं की स्वतःच झाकण उचलून धरते.

अ‍ॅलर्जीचं विचारताना ‘काही धोक्याचं आहे का’ असं विचारू नका, कुणीही नाहीच म्हणतं. घटक एकेक वाचून विचारा. युरोपात १४ घटक सांगणं बंधनकारक आहे. अमेरिकेत नऊ, त्यातला तीळ २०२३ पासून. तीळ लपतो ताहिनीत, म्हणजे तिळाच्या वाटणात, आणि ते वाटण असतं हमस या काबुली चण्याच्या चटणीत. शेंगदाणे पश्चिम आफ्रिकेच्या रश्शांत असतात. किमची, म्हणजे कोरियाचं आंबवलेलं लोणचं, नुसती कोबीची दिसते, पण तिच्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाला ती बिनधास्त वाढू नका. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. हे सांगून सगळे मान हलवतात आणि अर्ध्या तासात डाव बदलतात, म्हणून आम्ही डावाच्या दांड्याला आणि भांड्याच्या कडीला एकाच रंगाची टेप लावतो.

किती करायचं? तीनशे माणसं आणि बारा स्टॉल असतील तर प्रत्येक जण पाच-सहा ठिकाणी चाखतो. सहा धरा: अठराशे वाट्या, म्हणजे स्टॉलमागे दीडशे. वाटी साठ ग्रॅमची. झाले नऊ किलो. हे न सांगितल्यास स्वयंपाकी तीनशे माणसांचं पूर्ण जेवण करतो, थकतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही.

सगळंच वाटीत मावत नाही. पहिल्या वर्षी इथिओपियाच्या एका बाईंना मी इतरांसारखाच स्टॉल दिला. त्यांची कॉफी म्हणजे हिरव्या बिया तव्यावर भाजण्यापासून सुरुवात. मग कुटायच्या, मग जबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळायच्या, आणि तीन फेऱ्या ओतायच्या. अबोल, तोना, बरका. त्याला तासभर तरी हवा, आणि समोर पन्नास माणसांची रांग. भरीला भाजण्याचा धूर आणि धूप, त्यामुळे हॉलचा धुराचा अलार्म वाजला आणि सगळ्यांना बाहेर जावं लागलं. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना अंगणात चटया दिल्या, पंधरा-पंधरा जणांच्या तीन बैठका ठरवल्या, नावं आधी लिहून घेतली. लोक तासभर बसले. मोबाइल न काढता बसले, हे मी मोजून सांगते.

स्टेजला आधी जमीन बघा. फ्लामेंको या स्पॅनिश नृत्याच्या बुटांच्या टाचेला आणि टोकाला खिळे असतात, आयरिश नृत्याच्या बुटांचे तळ कडक. दोघांनाही लाकूड हवं, सिमेंटवर आवाज मरतो आणि पायाची नळी दुखते. अठरा मिलिमीटरचा प्लायवूड, दोन थर आडवे-उभे, स्क्रूची डोकी आत बुडवलेली. आणि अनवाणी नाचणाऱ्यांना आधी घ्या, खिळेवाल्यांना नंतर. एका वर्षी आम्ही उलट केलं. मला प्रथमोपचाराच्या पेटीतला चिमटा सापडेना.

एक गट दहा मिनिटं, मध्ये पाच मिनिटं, म्हणजे तासाला चार गट. पाचवा घुसवू नका, कुणीही कितीही गळ घातली तरी. ढोलक्यांचे गट, जपानी ताइको किंवा पश्चिम आफ्रिकेचा जेम्बे, सुरुवातीला आणि जेवणानंतर, कारण ते माणसं गोळा करतात. ऊद किंवा कोरासारखं मंद आवाजाचं तंतुवाद्य त्यांच्या पाठोपाठ ठेवलंत तर कुणाच्या कानातच शिरणार नाही. ते आम्ही स्टेजवरून काढून हस्तकलेच्या खोलीत नेलं, माईकशिवाय, आणि तिथे ते शोभलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकानुसार पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये. आमचा साउंडवाला ते ऐकून हसतो, मग खाली करतो. कुठलं नृत्य प्रार्थना आहे, तेही आधी विचारा. मेवलेवी या सूफी पंथाच्या दरवेशांचा समा, म्हणजे गोल गोल फिरणं, ही उपासना आहे, तिथे मध्येच टाळ्या आणि शिट्ट्या नकोत, हे निवेदकाने आधी सांगावं.

हस्तकलेत मांडून ठेवलेल्या वस्तूंकडे लोक बघतात आणि पुढे जातात. हात गुंतवा. आमच्याकडे हमखास चालते ती सात दोऱ्यांची वेणी, कुमिहिमो या दोर विणण्याच्या जपानी कलेचं सोपं रूप. तळहाताएवढी पुठ्ठ्याची चकती, मध्ये भोक, कडेला समान अंतरावर आठ खाचा. सात दोऱ्यांची एकत्र गाठ मारून ती भोकातून खाली सोडायची, आणि एकेका खाचेत एकेक दोरा. एक खाच रिकामी राहते. ती स्वतःकडे करायची, तिथून उजवीकडे तिसरा दोरा काढून रिकाम्या खाचेत बसवायचा. आता दुसरीच खाच रिकामी झाली; चकती फिरवून ती स्वतःकडे, पुन्हा तिसरा. दिशा बदलायची नाही. पाच-दहा मिनिटांत भोकाखाली गोल वेणी उतरायला लागते आणि सहा वर्षांचं पोर हलायला तयार होत नाही. चकत्या घरी नेऊ द्या, अर्धी वेणी कुणालाच सोडवत नाही. खाचा मात्र आदल्या दिवशी कापून ठेवा. शंभर चकत्यांना आठशे खाचा होतात, हे मला रात्री अकराला कळलं होतं.

शेवटी भांडी. प्रत्येकाने भांड्यावर नाव लिहिलेली टेप लावायची, आणि झाकणावर वेगळी. झाकणाची टेप सगळे विसरतात. चोवीस सेंटिमीटरचं एक काचेचं झाकण तीन वर्षांपासून माझ्या कपाटात आहे. दर वर्षी मी ते हॉलवर घेऊन जाते, माहितीच्या टेबलावर ठेवते, आणि संध्याकाळी परत घरी आणते.