जुन्या हार्ट पाइनचं फ्लोअरिंग घालताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या आमच्या घरासाठी पाडलेल्या कापडगिरणीच्या तुळयांतून कापलेल्या हार्ट पाइनच्या, म्हणजे पाइनच्या गाभ्याच्या लाकडाच्या, फळ्या हट्टाने आणल्या. ट्रकमधून उतरवल्या आणि दुसऱ्याच दिवशी ठोकायला घेतल्या. "शंभर वर्षांचं लाकूड, आता काय आकसणार?" हे माझेच शब्द. हीटर सुरू झाला आणि जानेवारीत फटींत क्वार्टरचं (२५ सेंटचं) नाणं उभं शिरू लागलं.

लाकूड कितीही जुनं असो, हवेतला दमटपणा ते शोषतं आणि सोडतं. उघड्या शेडमधला माल घरापेक्षा ओला असणारच. साधारण सहा ते नऊ टक्के ओलावा हवा. रुंद फळ्या असतील तर त्या आणि खालचं प्लायवुड यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. ओलावा मोजायचं मीटर लावून बघा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका. गठ्ठे मोकळे करून, घरातला एसी-हीटर नेहमीसारखा चालू ठेवून आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. घराखाली क्रॉल स्पेस (जमीन आणि घराच्या तळामधली बुटकी पोकळी) असेल तर तिथल्या मातीवर आधी प्लास्टिक अंथरा. आणि भिंतीलगत पाऊण इंच जागा सोडाच.

'जुना पाइन' म्हणून काहीही गळ्यात मारतात. खरा हार्ट पाइन म्हणजे लाँगलीफ पाइनचा गाभा. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत याची सुमारे ९ कोटी एकर जंगलं होती, आता जेमतेम काही टक्के उरलीत. फळीचं टोक बघा: वलयं दाट, रंग तांबूस. कठीणपणात हा जवळपास रेड ओकच्या बरोबरीचा. व्हाइट पाइनवर मात्र नखाचाही वळ उठतो.

तुटके खिळे मेटल डिटेक्टरने शोधा, नाहीतर सँडरचा (लाकूड घासायच्या यंत्राचा) पट्टा फाटलाच म्हणून समजा. राळ इतकी, की बारीक सँडपेपर मिनिटांत चिकट होतो. जाड पेपरने सुरुवात करा. जुना रंग दिसला तर शिशाची चाचणी आधी. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर आत भुंगेरे आहेत, तो माल भट्टीत तापवून घ्या.

आता खास आपली चूक. आई आली आणि तिने बादली घेऊन लादीसारखं पुसून काढलं. आठवड्यात फळ्यांच्या कडा पन्हाळीसारख्या वर आल्या. फडका घट्ट पिळूनच फिरवायचा.

पहिले काही महिने गालिचाही नको, उजेडाने हे लाकूड गडद होतं. आमच्या देवघरासमोर सतरंजी होती. तिथला फिकट चौकोन अजून दिसतो.