तळ्याकाठी मिठाची कोठी: झोनिंगची मंजुरी मागताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हिवाळा म्हटला की बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ आलंच, आणि मीठ म्हटलं की ते साठवायला कोठी आली. टाउनची (इथली ग्रामपंचायतच म्हणा) जुनी गॅरेजची जागा नेमकी तळ्याजवळ असते, नवी कोठीही तिथंच ठरते आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, झोनिंगमध्ये (कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवणाऱ्या खात्यात) फाइल अडकते. असे अर्ज तयार करून देणं हे माझं काम. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात.

पहिली चूक टेप धरण्यातली. ऑगस्टमध्ये तळं ओसरलेलं असतं. पाण्याच्या कडेपासून 80 फूट भरले की आपण खूश. काउंटीचे शोरलँडचे (तळ्याकाठच्या जमिनीचे) नियम 75 फूट मागतात खरे, पण ऑर्डिनरी हाय वॉटर मार्कपासून. पाणी वर्षानुवर्षं जिथवर चढतं तिथं माती-झाडोऱ्यावर खूण उरते, ती ही रेघ. ती काउंटीच्या माणसाकडून आधी आखून घ्या आणि मगच नकाशा काढा. बरं, 75 फूट ओलांडले म्हणजे सुटलो असंही नाही. तळ्यापासून 1,000 फुटांपर्यंतची जमीन शोरलँडच धरतात.

माझ्या पहिल्या अर्जात कोठीचा नकाशा फार देखणा होता. सुनावणीत काउंटीच्या कमिटीतल्या एका आजोबांनी विचारलं, "लोडर वळतो कुठं?" लोडर म्हणजे ट्रकमध्ये मीठ भरणारं यंत्र. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुनावणी महिनाभर पुढे गेली. आजोबांचं बरोबरच होतं. छताखालचं मीठ कुठं जात नाही. सांडतं ते दारापुढे, ट्रक भरताना. म्हणून दारापुढचं अंगण नकाशात आलंच पाहिजे: उतार आतल्या बाजूला, बाहेरून येणारं पावसाचं पाणी वळवलेलं, खारं पाणी साठवायला बंद टाकी. विहिरींपासूनचं 250 फूट अंतरसुद्धा ट्रक भरायच्या जागेपासून मोजतात, नुसत्या भिंतीपासून नाही. शिवाय हे डांबरी अंगण पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागात धरलं जातं. तळ्याजवळच्या 300 फुटांत ती मर्यादा प्लॉटच्या 15 टक्के आहे. तळ्याला होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईची योजना दिली तर 30. नुसतं छत मोजून हिशेब दिलात की फाइल परत आलीच म्हणून समजा.

"पाणी अडवायला तळं खोदू" असं लिहून मोकळे होऊ नका. गाळ तळाशी बसतो, मिठातलं क्लोराइड बसत नाही. ते विरघळलेलंच पुढे जातं. जमिनीत मुरवलंत तर भूजलात उतरतं. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी बिघडवायला पुरतं, हे शेजारी सुनावणीला पाठ करून आलेले असतात.

कोठी लहान काढण्याची कंजुषीही नडते. आपल्याकडे मिठागरातला ढीग पेंढ्यानं शाकारलेला चालून जातो. इथं उरलेलं मीठ बाहेर ताडपत्रीखाली दिसलं की तक्रार ठरलेली. सुटं मीठ साधारण 32 अंशांच्या उतारावर थांबतं. त्या हिशेबानं 1,000 टनांचा शंकू जवळपास 67 फूट रुंद आणि 21 फूट उंच होतो. शिवाय मीठ ओतताना ट्रकचा हौदा किती वर उचलला जातो तेही धरा आणि त्या झोनची उंचीची मर्यादा आधीच बघून ठेवा.

अर्ज कुठला करायचा यातही घोळ होतो. अंतर कमी पडतंय म्हणून व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागायचा तर अडचण जमिनीची लागते. "टाउनकडे दुसरी जागा नाही", "इथं स्वस्त पडतं" हे तिथं चालत नाही. कंडिशनल यूज परमिटचं (अटी घालून दिलेल्या वापराच्या परवानगीचं) गणित निराळं. 2017 च्या कायद्यानं कमिटीला नुसत्या नापसंतीवर नकार देता येत नाही, ठोस पुरावा लागतो. पण अटी पाळू याचा पुरावा आपल्यालाही द्यावा लागतो. "बघून घेऊ" म्हणू नका. अंगण झाडण्याचं वेळापत्रक, टाकी कोण उपसणार, सगळं कागदावर द्या.

कोठी बांधून झालीय आणि तक्रार आलीय? मग वसंतात दारापुढे उभे राहा. गवत पंख्यासारखं करपत तळ्याकडे गेलेलं दिसलं तर उतार चुकलाय. पावसानंतर चरातल्या पाण्यात क्लोराइड मोजायची पट्टी बुडवा, आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि काउंटीला स्वतः फोन करा, त्यांचा यायच्या आत.