नेपाळच्या मेडिकल कॅम्पला निघालात? आधी हे वाचा

दिवाळी सरली की आमच्या सोलापुरातल्या मंडळीतली (चर्चमधली) तरुण संघाची पोरं विचारायला लागतात, "ताई, यंदा नेपाळच्या टीममध्ये मला घ्याल का? पण मी डॉक्टर नाही." नसलात तर बिघडलं काय? नावं नोंदवणारे, रांग सांभाळणारे आणि गोळ्या पाकिटात भरणारे हात कॅम्पला नेहमीच कमी पडतात.

फक्त एक कसोटी लावा. जे काम सोलापूरच्या सिव्हिलमध्ये तुम्हाला कोणी करू देणार नाही, ते तिकडेही करायचं नाही. नर्सिंगला शिकणाऱ्या मुलीने गावं गरीब आहेत म्हणून टाके घालायला बसायचं नाही. डॉक्टरांनासुद्धा नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. ते कागद कॅम्पला बोलावणाऱ्या तिथल्या यजमानांमार्फत बरेच आधी हलवावे लागतात.

प्रवास सोपा आहे. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमेपलीकडे भैरहवा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांना चालतं. शेंगाचटणी भरपूर घ्या, दोन्ही वेळा डाळभात असतो. नेपाळात मंडळीची उपासना शनिवारी असते, तेव्हा त्या दिवशी कॅम्प धरू नका. दशैं-तिहारातही (तिकडच्या दसरा-दिवाळीत) नको.

आता नाजूक गोष्ट. पत्रकं, शुभवर्तमानाच्या पुस्तिका सोलापुरातच ठेवा. 2018 पासून लागू असलेल्या नेपाळच्या फौजदारी कायद्यात धर्मांतर घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. तुम्ही आठवड्याने घरी याल. पोलीस चौकीच्या खेपा तिथल्या पाळकांना घालाव्या लागतील. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गोळ्यांसाठी उन्हात उभा असलेला माणूस तुमच्या प्रार्थनेला नाही कसा म्हणेल? आपली प्रार्थना आपण सकाळी, टीमपुरती करावी.

औषधं गोळा करताना एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेल्या सॅम्पलचा मोह होतो. नकोच. दान म्हणून पाठवलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझं मत विचाराल तर पैसे न्या आणि यजमानांच्या सल्ल्याने तिथेच खरेदी करा. कस्टमची कटकट वाचते, आणि संपलेली गोळी पुढेही त्याच दुकानात मिळते.

नवख्यांना मी औषधाच्या टेबलावर बसवते, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. लिपी आपलीच, म्हणून पाकिटावर 'बिहान', 'बेलुका' सहज लिहिता येतं; वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी सूर्य आणि चंद्र काढा. मग पाकीट त्यांच्या हातात देऊन विचारा, कधी घेणार? मान डोलावली म्हणजे कळलं असं नव्हे, त्यांनी तोंडाने सांगायला हवं. जंताची अल्बेंडाझोल समोरच चावायला लावा, मात्र बाईला दिवस गेलेत का ते दुभाषी ताईकडून हळूच विचारून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. जवळचं दिसायच्या चष्म्यांच्या टेबलावर प्लस एक ते प्लस तीनचे नंबर आणि ताटलीभर तांदूळ ठेवा. ज्या चष्म्याने आजीला खडे वेचता आले, तो तिचा. तिथली गर्दी संध्याकाळपर्यंत हटत नाही.

बीपी-शुगरच्या पेशंटचं मात्र तसं नाही. महिनाभराच्या गोळ्या देऊन आपण निघून आलो, तर पुढे काय? म्हणून तारीख ठरवण्याआधीच जवळच्या सरकारी स्वास्थ्य चौकीशी, म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राशी, बोला. काही मूलभूत औषधं तिथे मोफत मिळतात. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला कॅम्पमध्ये डॉक्टरांशेजारी बसवा, पेशंटला त्याचा चेहरा ओळखीचा होऊ द्या. प्रत्येक पेशंटचं बीपी, शुगर आणि चालू गोळी एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात द्या, आणि पेशंटला विचारून त्याची नोंद चौकीत पोचवा. चौकीवाले तयार नसतील तर त्या गावात बीपीचा कॅम्प घेऊ नका, चष्म्यांचा घ्या.